द्वारकाबाईंची साडी

मुरुडच्या द्वारकाबाई वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शिवदास सर चित्रांवर बोलत. सर हायस्कूलमधून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, वाचनालयाचे चिटणीस, आवाज भरदार. पंधरा-वीस माणसं जमत. पावसाळ्यात थोडी जास्तच, कारण होड्या वर ओढलेल्या असत आणि लॉज रिकामे. सर पडद्यावर एखादं जगप्रसिद्ध चित्र लावत आणि त्यातल्या एकेका वस्तूवर फूटपट्टीने टकटक करून तिचा अर्थ सांगत. कुत्रा म्हणजे निष्ठा. भरदिवसा पेटलेली एकुलती मेणबत्ती म्हणजे देवाची नजर. अर्धवट सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला सुंदर, चाखायला आंबट असं आयुष्य. लोक वहीत उतरवून घेत.

नूतन मागच्या रांगेत दाराजवळ बसायची. सत्तावन्न वर्षांची, लग्न न केलेली. धाटावच्या एका रंगांच्या कारखान्यात तिने अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती. काम सांगायला सोपं होतं. रंगवलेल्या कापडाची पट्टी घ्यायची, अर्धी पुठ्ठ्याने झाकायची, प्रखर दिव्याखाली ठेवायची. ठरलेले तास भरले की पुठ्ठा काढून झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक बघायचा आणि एक ते आठपैकी आकडा लिहायचा. एक म्हणजे बघता बघता उडणारा रंग, आठ म्हणजे पक्का. गावाला मात्र एवढंच ठाऊक होतं की नूतनताई केमिकलमध्ये होत्या आणि त्यांना सगळ्यात चूक काढायची सवय आहे.

जुलैच्या रविवारी सरांनी व्हॅन गॉगने रंगवलेली त्याची झोपायची खोली लावली. लाकडी पलंग, दोन खुर्च्या, निळ्या भिंती.

"या भिंती बघा," सर म्हणाले. "निळा. थंड. एकाकी माणसाच्या मनाचा रंग. त्याला लाल का नाही सुचला? गुलाबी का नाही सुचला? सुचणार कसा?"

"सर," नूतन मागून म्हणाली, "त्या भिंती निळ्या नव्हत्या."

पंधरा माना वळल्या.

"फिक्या जांभळ्या होत्या. त्याने स्वतःच भावाला पत्रात तसं लिहिलंय. त्याने वापरलेला लाल उडणारा होता. लाल गेला, निळा उरला. नंतर तपासणीतही ते दिसलं."

सर हसले. वर्गातल्या हुशार पण आगाऊ मुलीकडे बघून हसावं तसे. "नूतनताई, चित्र मनाने बघायचं असतं. तुम्ही सूक्ष्मदर्शक घेऊन बसता."

"सूक्ष्मदर्शक राहू दे. पण उडालेल्या रंगाचा अर्थ लावला तर तो चित्रकाराचा नाही, उन्हाचा झाला."

"वा," सर म्हणाले. "हेही काव्यच झालं." लोक हसले, आणि फूटपट्टी पलंगाकडे सरकली.

नूतन व्याख्यान संपेपर्यंत थांबली, कारण मधूनच उठून जाणं तिला उद्धटपणाचं वाटे. पण कान तापले होते. आपलं म्हणणं चूक ठरलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. ते बरोबर असूनही लोकांनी टाळ्या दुसऱ्याला द्याव्यात, हे तिला कारखान्यातही कधी पचलं नव्हतं.

सगळे पांगल्यावर ती पुस्तक बदलायला आत गेली. टेबलाच्या मागच्या भिंतीवर द्वारकाबाईंचं तैलचित्र होतं. समोर समुद्राकडे उघडणारी खिडकी. बाई गुडघ्यापर्यंत दिसतात, हातात मिटलेलं पुस्तक, अंगावर पांढरी साडी, कपाळ कोरं. शंभर वर्षांपूर्वी स्वतःची सुपारीची वखार वाचनालयाला देऊन टाकणारी विधवा. नूतनने नवव्या वर्षी पहिलं पुस्तक नेलं तेव्हापासून हे चित्र पाहिलं होतं. पण आज डोक्यात त्या जांभळ्या भिंती होत्या. म्हणून असेल, किंवा ढग सरकून खिडकीतून ऊन आलं म्हणून असेल, तिला साडीच्या खोल निऱ्यांमध्ये काहीतरी दिसलं. पांढऱ्या कापडाच्या सावलीत राखाडी असतो, निळसर असतो. हा तसा नव्हता.

"आतिफा," ती म्हणाली, "स्टूल आहे का गं?"

आतिफा वाचनालयाची ग्रंथपाल. तिशीतली, बाजारपेठेतल्या मुकादमांच्या घरातली, पुस्तकं वेळेत न देणाऱ्यांना फोन करून लाजवण्यात पटाईत. "स्टूल आहे. तुम्ही पडलात तर मी चिटणिसांना काय सांगू?"

"सांग, सूक्ष्मदर्शक शोधत होत्या."

दोघींनी चित्र उतरवून टेबलावर पालथं ठेवलं. मागचे चार गंजके खिळे वाकवले आणि चित्र चौकटीतून जरासं उचलून कड पाहिली. चौकटीच्या लाकडाखाली गेली शंभर वर्षं करंगळीएवढी पट्टी झाकलेली होती. डाव्या दंडावरून खाली मांडीपर्यंत साडी त्या पट्टीपर्यंत येत होती, आणि पट्टीत ती गुलाबी होती. पातळ कोकम सरबताचा गुलाबी. चौकटीची कड जिथे संपत होती, तिथे आखल्यासारख्या सरळ रेषेत गुलाबी संपून पांढरा सुरू होत होता.

अठ्ठावीस वर्षं नूतनने जे हाताने केलं होतं ते इथे आपोआप झालं होतं. पुठ्ठा म्हणजे चौकट, दिवा म्हणजे पश्चिमेचं ऊन.

मग तिने मोबाइलची बॅटरी लावली आणि चित्र सुलटं करून उजेड कपाळावर आडवा धरला. भुवयांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा रंगाचा उंचवटा होता. रंग उडाला होता, पण ब्रशने टेकवलेला थेंब तसाच होता.

"कुंकू," आतिफा हळू म्हणाली. "म्हणजे बाई विधवा नव्हत्या?"

"तसं मी म्हणत नाही. साडी गुलाबी होती, आणि कपाळावर काहीतरी होतं. एवढंच दिसतं."

"ताई, तुम्ही कोर्टात साक्ष दिल्यासारख्या बोलता. मी असते तर आतापर्यंत सगळ्या मुरुडला सांगून आले असते."

नूतनने फोटो काढले. बाजूला मोजपट्टी ठेवून, दोन वेगवेगळ्या उजेडांत. मुंबईला एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जुन्या चित्रांची तपासणी होते हे तिला माहीत होतं. तिथे तिने पत्र लिहिलं. आठवड्याने मृणाल नावाच्या बाईंचा फोन आला. चित्र हलवू नका, त्याला काही लावू नका, आम्ही ऑक्टोबरमध्ये येऊन पट्टीचा नमुना घेतो, असं त्या म्हणाल्या. नुसते फोटो चालणार नाहीत, पट्टी हवी.

म्हणजे ऑक्टोबरपर्यंत चित्र जसं आहे तसं राहायला हवं होतं. आणि नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी वाचनालयाची शताब्दी होती.

शताब्दीसाठी समितीने तीन गोष्टी ठरवल्या होत्या. पितळी पाटी, तिच्यावर 'त्यागमूर्ती द्वारकाबाई'. स्मरणिका, तिच्यात शिवदास सरांचा चित्रावरचा लेख. आणि चित्र उजळून घ्यायचं. हे काम विनेशकडे दिलं होतं. विनेश म्हणजे खाडीपलीकडच्या एकदऱ्याचा रंगारी, होड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा. साडी पिवळट पडली होती, ती पांढरीशुभ्र करायची असं ठरलं होतं.

नूतनने समितीच्या बैठकीत पाच मिनिटं मागून घेतली. फोटो दाखवले, झाकलेल्या आणि उघड्या कापडाची जुनी पट्टी घरून आणली होती तीही दाखवली. पाच मिनिटांत ती एकही वाक्य जास्त बोलली नाही. सगळ्यांनी पट्टी हातात घेऊन पाहिली, एकमेकांकडे दिली, आणि ती चहाच्या बशीखाली जाऊन पडली.

"गुलाबी दिसतेय खरी," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा सुपारीचा व्यापार होता आणि मालाचा रंग त्यांना कळत होता.

शिवदास सर मात्र या वेळी हसले नाहीत. "समजा, होती गुलाबी," ते म्हणाले. "नूतनताई, शंभर वर्षं या गावाने त्यांना पांढऱ्या साडीत पाहिलंय. माझी आई त्यांना नमस्कार करून शाळेत गेली. त्या पांढऱ्या रंगाकडे बघून चार विधवा बायका इथे वाचायला शिकल्या. हे सगळं खोटं का?"

प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त दुसऱ्याच गोष्टीबद्दल होता. "मी खोटं म्हणत नाहीये," ती म्हणाली. "पण त्यांनी चित्रकारासमोर बसताना गुलाबी साडी निवडली होती. तेवढी एकच गोष्ट त्यांनी आपल्याला स्वतः सांगितलीय. बाकी सगळं आपण त्यांच्याबद्दल बोलतोय."

"आणि मिटलेलं पुस्तक? त्याचं काय करायचं? मी लेखात लिहिलंय की ते त्यांचं स्वतःचं न जगलेलं आयुष्य आहे."

"वाचून झालं असेल, सर."

आतिफा इतिवृत्त लिहीत होती, ती खोकली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. इतिवृत्तात लिहिलं गेलं की नूतनताईंच्या सूचनेची नोंद घेण्यात आली. पाटी कोरून झाली होती, लेख छापायला गेला होता, विनेशला निरोप गेला होता.

नोंद घेण्यात आली या वाक्याचा तिला मनस्वी संताप यायचा. कारखान्यातही असंच होई. ती आकडा तीन लिही, वरचा साहेब नोंद घेई, आणि माल पक्क्या रंगाचा म्हणून जाई.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर ती पूल ओलांडून एकदऱ्याला गेली. होड्या रांगेने वर घेतलेल्या होत्या आणि सगळीकडे ताज्या ऑइलपेंटचा वास होता. पौर्णिमेला नारळ पडला की दर्या खुला, त्याआधी प्रत्येक होडी नव्यासारखी दिसायला हवी. विनेश एका होडीच्या नाळेवर, पुढच्या उंच टोकावर, लाल पट्टा ओढत होता. पस्तिशीचा, कोपरापर्यंत रंगलेला.

"ताई, तुम्ही इकडं? पुस्तक न्हाय घेतलंय मी कुनाचं."

तिने त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवला आणि समितीसमोर पाच मिनिटांत जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं. निम्म्यात आली तेव्हाच तो मान हलवायला लागला.

"लालच जातो पयला," तो म्हणाला. "मला काय सांगता, बारा म्हयने मी त्योच धंदा करतोय. ही होडी बघा. गेल्या सालात असाच लाल मारलेला, शिमग्याला भगवा झाला, आता बघा कसा आंब्याच्या सालीवानी. निळा टिकतो, हिरवा टिकतो. लाल म्हंजे पावनाच. त्या बाईंचा बी तसाच उडाला, व्हय ना?"

"हो," नूतन म्हणाली. "अगदी तसाच." शंभर फोटो काढून, पत्रं लिहून, बैठकीत पट्टी फिरवून जे कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं होतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती होडीच्या सावलीत एका उलट्या टोपलीवर बसलीच.

"आनि हे लोक मला बोलतात पांढरा मार," विनेश म्हणाला. "पांढरा मारला तर बाईवर अन्यावच झाला."

"म्हणूनच आले. पांढरा लावू नकोस."

"न्हाय लावनार. शबूद दिला." त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "फोटो धाडा मला त्यो. पट्टीचा. नीट बघतो."

तिने तिथल्या तिथे फोटो पाठवला. मोजपट्टी ठेवलेला, चांगल्या उजेडातला. परत येताना पुलावर उभं राहून तिने खाडी बघितली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला रस्त्याने जाणाऱ्या माणसांचा राग आला नाही.

शताब्दीच्या आदल्या आठवड्यात वाचनालय साफसफाईसाठी बंद होतं. रविवारी सकाळी ती गेली तेव्हा चित्र भिंतीवर होतं आणि त्यावर पडदा. दालनात खुर्च्या पुरत नव्हत्या. तालुक्याच्या ठिकाणाहून पाहुणे आले होते. विनेश कडक इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता. तिला बघून त्याने डोळा बारीक करून मान हलवली. झालं म्हणून.

पाहुण्यांनी दोरी ओढली.

साडी गुलाबी होती. कोकम सरबताचा गुलाबी नव्हे. होडीच्या काठाचा, ताज्या ऑइलपेंटचा, चकाकणारा गुलाबी, जो धुक्यातही दोन मैलांवरून दिसावा. निऱ्या त्याने हौसेने गडद रेघांनी पुन्हा काढल्या होत्या. कपाळावर ठसठशीत लाल कुंकू होतं. चेहरा मात्र तसाच ठेवला होता, आणि त्यामुळे बाई कुणाच्या तरी दुसऱ्याच अंगातून डोकं काढून बघत असल्यासारख्या दिसत होत्या.

मागून एका बाईंचा आवाज आला, "अगोबाई, किती छान दिसतात." आणि टाळ्या सुरू झाल्या.

शिवदास सर माइकपाशी गेले. ते जरासे थबकले, हे नूतनने पाहिलं. खिशातला कागद त्यांनी काढला, बघितला, परत ठेवला. मग त्यांचा आवाज लागला. "गुलाबी," ते म्हणाले. "गुलाबी म्हणजे पहाट. या गावात ज्ञानाची पहाट ज्यांनी आणली, त्यांच्या अंगावर दुसरा कोणता रंग शोभेल? आणि ही गोष्ट आपल्या नूतनताईंच्या संशोधनातून सिद्ध झाली आहे." तिला पुढे बोलावून शाल आणि नारळ देण्यात आला. ती गेली, कारण न जाणं उद्धटपणाचं झालं असतं.

चहाच्या वेळी ती विनेशला कोपऱ्यात घेऊन गेली.

"मॅच झाला ना?" तो म्हणाला. "तीन डबे मिसळले. तुमच्या फोटोशी लावून बघितला, मग जरा चढवूनच मारला. म्हटलं पुढं उतरनार हाय तर."

"विनेश, पट्टी. चौकटीखालची."

"ती बी मारली. चौकट काढली न मागपतूर मारला. अर्धवट कशाला ठेवायचं? नीट खरडून घेतला आधी, पॉलिश पेपर मारून. न्हायतर धरत न्हाय."

"खरडून."

"सगळीकडून. काम मी अर्धं न्हाय करत, ताई." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "तुम्हीच बोललात ना, पांढरा नको म्हनून?"

तिला ओरडता आलं असतं. पण साऱ्या मुरुडात तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारा, त्यावर विश्वास ठेवणारा आणि समितीच्या विरुद्ध जाऊन ते करणारा हा एकच माणूस होता. रंग उडाला की पुन्हा मारायचा, नाहीतर होडीवर लक्ष नाही असं लोक म्हणतात. त्याने द्वारकाबाईंकडे लक्ष दिलं होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले."

बाहेर पडताना जिन्यावर दोन बायका बोलत होत्या. "आधी पांढरी होती ना गं? मला चांगली आठवतेय." "हो तर. त्या नूतनबाईंनी बदलायला लावली." "कशाला पण? हल्ली लोकांना जुनं काही राहू द्यायचंच नसतं."

घरी येऊन तिने नारळ देवापाशी ठेवला, शाल घडी करून कपाटात टाकली, आणि वही उघडून विचार केला. ऑइलपेंट काढता येतो. पण जे द्रावण त्याला काढेल ते खालच्या रंगालाही सोडणार नाही, आणि पॉलिश पेपरने घासल्यावर खाली राहिलंय किती हेच माहीत नाही. तिने दोन वाक्यं लिहिली, मग वही मिटली. आकड्याच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं.

सोमवारी दहा वाजता तिने मुंबईला फोन लावला.

"येऊ नका," ती म्हणाली, आणि काय झालं ते क्रमाने सांगितलं.

मृणालबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक विचारू? रंगाऱ्याला तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं? शब्द आठवतात?"

"आठवतात. पांढरा लावू नकोस."

"हात लावू नकोस, असं नाही म्हणालात?"

"नाही."

"मी तर फोनवर म्हणाले होते, काही लावू नका म्हणून."

"हो. माझ्याकडे लिहून ठेवलंय." नूतनने समोरची वही उगाच सरळ केली. "त्याला सांगायची गरज आहे असं मला वाटलं नाही. त्याला सगळं कळलं होतं."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. कुणीतरी मृणालबाईंना काही विचारलं, त्यांनी थांब म्हणून सांगितलं.

"तुमचे फोटो मी पाहिलेत," त्या म्हणाल्या. "माझं मत विचाराल तर साडी गुलाबीच होती. पण मत म्हणून. कागदावर लिहून देता येणार नाही."

"मीही दिलं नसतं," नूतन म्हणाली.

"मग ऑक्टोबरची ती तारीख मी पनवेलच्या लोकांना देऊन टाकते. चालेल?"

"द्या," नूतन म्हणाली.